हरकत म्हणजे गती

‘काही हरकत नाही’ असे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. अडथळा नाही, आक्षेप नाही, असा त्याचा अर्थ. उर्दू शाळेच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र ‘हरकत’ म्हणजे गती. शब्द एकच आहे. अरबीत त्याचा अर्थ हलणे, चळणे असा होता. फारसीच्या वाटेने तो मराठीत आला आणि येता येता हालचालीचा शब्द अडथळ्याचा झाला. ‘कुव्वत’ मराठीत ‘कुवत’ झाली. ‘तबीइयात’ म्हणजे पदार्थांच्या स्वभावाचे शास्त्र, फिजिक्स. त्याच मुळातली ‘तबियत’ मराठीत ‘तब्येत’ होऊन दवाखान्यात जाऊन बसली. ‘वजन’ तेवढे दोन्हीकडे जसेच्या तसे राहिले. बाजारात तेच, पुस्तकातही तेच.

आम्ही अंजनवेलच्या बाजूला राहून उर्दू माध्यमात विज्ञान शिकवतो. आमच्या वर्गातल्या मुलाची भाषेची वाट सरळ नाही. घरात आपली कोकणी बोली, शाळेत उर्दू, एस.टी.त आणि तहसील कचेरीत मराठी, आणि दहावीनंतर सायन्स घेतलेच तर एकदम इंग्रजी. त्यामुळे एकाच वस्तूला तो तीन नावे शिकतो : कुव्वत, बल, फोर्स. नावे पाठ होतात. वस्तू हाती लागतेच असे नाही. मग अकरावीला पहिल्याच चाचणीत तो घाबरतो आणि ‘सायन्स आपले काम नाही’ म्हणून दुसरी वाट धरतो.

याला जोडून आणखी दोन गोष्टी आमच्या समाजात दिसतात. एक, ही विद्या साहेबाची, आपण तिचे उसने घेणारे, अशी मनातली शरम. दुसरी, तिच्या उलट, ‘हे सगळे आमच्या बुजुर्गांनी हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे, न्यूटनने फक्त उचलले’ अशी फुशारकी. पहिलीने मूल मागे हटते. दुसरीने ते अभ्यास न करताच समाधानी होते. दोन्हींवर औषध एकच, आणि ते म्हणजे इतिहास नीट पाहणे. गतीच्या नियमांचा इतिहास म्हणूनच येथे सांगावासा वाटतो.

सुटलेला दगड

हा सारा इतिहास एका साध्या प्रश्नाभोवती फिरतो. हातातून सुटलेला दगड पुढे का जात राहतो? हातात असेपर्यंत हात त्याला ढकलतो, हे कळते. हात सुटल्यावर ढकलतो कोण?

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने सांगितले की प्रत्येक हालचालीला हालवणारा लागतो. बैल थांबला की गाडी थांबते. मग सुटलेल्या दगडाला कोण हालवते? त्याचे उत्तर होते हवा. दगड फेकताना हवेलाही जोर मिळतो आणि तीच त्याला पुढे नेते. उत्तर आज विचित्र वाटेल, पण रोजच्या अनुभवाला धरून असलेला हा विचार अनेक शतके टिकला.

त्याला मोठा धक्का दिला सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनस याने. अरबी ग्रंथांत तो ‘याह्या अन-नहवी’ या नावाने येतो. त्याने विचारले, हवाच जर दगड नेत असेल, तर दगड भिंतीवर ठेवून मागून नुसती हवा हलवून पाहा, जातो का? जात नाही. म्हणजे फेकणारा दगडालाच काहीतरी देतो. हा मनुष्य ख्रिस्ती होता. त्याचे म्हणणे ज्यांच्या हातून अरबीत आले, त्या भाषांतरकारांतही अनेक जण सिरियाक बोलणारे ख्रिस्ती होते. बगदादमध्ये खलिफांच्या आश्रयाने हे काम चालले. इल्मचा सिलसिला असा असतो. त्यात एकाच कौमेचे नाव कधीच नसते.

इब्न सीनाचा ‘मैल’

इब्न सीना (९८०–१०३७) आपल्याकडे हकीम म्हणून ठाऊक आहे. पण त्याच्या ‘किताब अश-शिफा’ या विशाल ग्रंथात गतीचाही विचार आहे. फेकणारा दगडाला जे देतो त्याला त्याने ‘मैल’ म्हटले. मराठीतला मळ किंवा अंतराचा मैल नव्हे. हा अरबी मैल म्हणजे ओढा, कल. उर्दूत आपण ‘मैलान’ म्हणतो, एखाद्याचे मन एखाद्या गोष्टीकडे ‘माइल’ झाले म्हणतो, तोच हा शब्द. दगडाचा खाली येण्याचा कल हा स्वाभाविक मैल. हाताने जबरीने दिलेला तो ‘कसरी’ मैल.

आता त्याचे पुढचे म्हणणे पाहा. हवा, पाणी असे माध्यम अडवते म्हणून हा दिलेला मैल हळूहळू संपतो. माध्यमच नसेल, म्हणजे ‘खला’ असेल, तर तो संपण्याचे कारण उरत नाही आणि वस्तू चालतच राहील. हे वाचून आपला ऊर भरून येतो. हाच तर न्यूटनचा पहिला नियम! पण इब्न सीना पुढे काय म्हणतो तेही वाचले पाहिजे. अशी न थांबणारी गती आपल्याला कुठे दिसत नाही, सबब खला अस्तित्वातच नाही, असा निष्कर्ष त्याने काढला. दारापर्यंत तो आला, आणि दार नाही असे सांगून परतला.

त्याच्यानंतर शतकभराने बगदादमध्ये अबुल-बरकात अल-बगदादी झाला. जन्माने यहुदी, उतारवयात त्याने इस्लाम स्वीकारला. ‘किताब अल-मुअतबर’मध्ये त्याने इब्न सीनाला हरकत घेतली. दिलेला मैल खलामध्येही आपोआप सरतो, असे तो म्हणाला. यात तो आजच्या दृष्टीने चुकला. पण पडणाऱ्या दगडाविषयी त्याने फार मोलाची गोष्ट सांगितली. दगडाचे जडपण त्याच्यात क्षणोक्षणी नवा मैल घालत राहते, म्हणून पडताना त्याचा वेग वाढत जातो. सतत लागणारा जोर वेग नुसता टिकवत नाही, तो वेग वाढवतो. ॲरिस्टॉटलच्या मतापासून हे पाऊल बरेच दूर गेलेले होते, आणि न्यूटनच्या दुसऱ्या नियमाची दिशा हीच आहे.

तिकडे अंदलुसमध्ये, सरकुस्ता म्हणजे आजच्या झारागोझा शहरातला इब्न बाज्जा (मृत्यू ११३८च्या सुमारास) म्हणत होता की माध्यम गतीला जन्म देत नाही, ते फक्त तिच्यातून वजा होते. माध्यम नसले तरी गतीला ठरावीक वेळ लागणारच. इब्न रुश्दने हे मत खोडण्यासाठी उद्धृत केले आणि त्याच्या लॅटिन भाषांतरांतून ते युरोपात पोचले. पुढे तरुण गॅलिलिओच्या लेखनातही असाच विचार दिसतो. विरोधकाने केलेली नोंदही कधी कधी ज्ञान जिवंत ठेवते, ती अशी.

चौदाव्या शतकात पॅरिसच्या जाँ ब्युरिदाँने ‘इम्पेटस’ची कल्पना मांडली. वस्तूत द्रव्य जास्त आणि वेग जास्त, तर इम्पेटस जास्त. आपला संवेग, उर्दूतला ‘मेयार-ए-हरकत’, याच्या अगदी जवळचे हे माप आहे. इब्न सीनाचा मैल त्याच्यापर्यंत कितपत पोचला होता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. वाद आहे तिथे वाद आहे म्हणावे, दावा ठोकू नये.

डोलकाठीवरून सोडलेला दगड

वाशिष्ठीच्या मुखावर एका बाजूला अंजनवेल, दुसऱ्या बाजूला दाभोळ. बहामनी आणि आदिलशाही काळात दाभोळ हे कोकणचे मोठे बंदर होते. पंधराव्या शतकात आलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन परत निघाला तो याच बंदरातून. पैलतीरावरची आदिलशाही काळातली दगडी मशीद आजही त्या दिवसांची साक्ष देते. अलीकडे खाडीच्या तोंडावर पहारा करणारा अंजनवेलचा किल्ला सिद्दींकडे होता, तुळाजी आंग्र्यांनी तो घेतल्यावर त्याला गोपाळगड नाव मिळाले, आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. नाखुदा, तांडेल, खलाशी ही आपल्या कितीतरी घरांची पिढीजात ओळख. शीड उतरवले तरी गलबत लगेच थांबत नाही, धक्का किती लांब असताना शीड उतरवायचे, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते.

गतीच्या शास्त्राने शेवटी वळण घेतले तेही जहाजावरच. चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड सोडला तर तो काठीच्या बुडाशी पडेल की मागे राहील? पृथ्वी फिरत नाही म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद यावरच उभा होता. पृथ्वी फिरत असती, तर वर फेकलेला दगड मागे पडला असता. १६३२ च्या ‘संवाद’ या ग्रंथात गॅलिलिओने उत्तर दिले की दगड बुडाशीच पडतो, कारण जहाजाची गती त्याच्यातही असते. जहाज संथ पाण्यातून एकसारख्या वेगाने चालले असेल, तर बंद खोलीतल्या माणसाला ते चालते की उभे आहे हे आतल्या आत कळणारच नाही. १६४० मध्ये पिएर गासांदीने मार्सेय बंदरात वल्ह्यांच्या जहाजावर हा प्रयोग खरोखर करून दाखवला. दगड काठीच्या बुडाशीच पडला.

गॅलिलिओने आणखी एक काम केले, आणि आमच्या मते तेच निर्णायक ठरले. त्याने मोजले. उतरत्या फळीवरून गोळा सोडायचा, पाण्याच्या धारेने वेळ मापायचा, आणि वेळ दुप्पट झाली की अंतर चौपट होते, हे आकड्यांत मांडायचे. १६३८ मध्ये हे पुस्तकरूपाने आले. १६४४ मध्ये देकार्तने सांगितले की मोकळी सोडलेली वस्तू सरळ रेषेतच जाऊ पाहते. आणि १६८७ मध्ये न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ प्रसिद्ध झाला. त्यात तीन नियम एका जागी आले आणि चंद्रापासून समुद्राच्या भरती-ओहोटीपर्यंत त्यांचा हिशेब लागला.

मग न्यूटनने मैलच उचलला का? नाही. फरक बारीक आहे, पण सगळे त्यातच आहे. मैल काय, इम्पेटस काय, दोन्ही कल्पना ‘वस्तू चालत का राहते?’ या प्रश्नाचे उत्तर शोधत होत्या. वस्तूच्या पोटात काहीतरी भरलेले आहे, ते तिला नेते. न्यूटनच्या नियमांत तो प्रश्नच उरत नाही. सरळ रेषेत, एकसारख्या वेगाने चालत राहण्याला कारण लागत नाही, जसे स्वस्थ पडून राहण्याला लागत नाही. कारण लागते ते बदलाला. वेग वाढला, घटला किंवा दिशा वळली, की समजावे कुठून तरी बल लागले आहे. वस्तूच्या या बदल न करण्याच्या स्वभावाला मराठीत जडत्व आणि उर्दूत जमूद म्हणतात.

म्हणून बुजुर्गांचे श्रेय नेमके सांगता येते. हवा दगड नेत नाही हा विचार त्यांनी जिवंत ठेवला आणि वाढवला. माध्यम गती अडवते, हे सांगितले. सततच्या जोराने वेग वाढतो, हे ओळखले. हे श्रेय मोठे आहे. ते न्यूटनच्या नावावर ओढून आणखी मोठे करण्याची गरज नाही.

हिंदुस्थानातली भाषांतरे

हे ज्ञान आपल्या मुलखात परतले ते भाषांतरांतून. अठराव्या शतकाच्या अखेरीस लखनौच्या दरबारातले तफज्जुल हुसेन खान यांनी लॅटिन शिकून ‘प्रिन्सिपिया’ अरबीत आणायला घेतला. कलकत्त्याचा इंग्रज गणिती रुबेन बरो त्यांच्यासाठी टिपणे लिहीत होता. ते काम छापून लोकांपर्यंत आले नाही, पण त्या काळात एक हिंदी मुसलमान न्यूटनला मुळातून वाचत होता, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

दिल्ली कॉलेजमध्ये १८४०च्या दशकात उर्दूतून विज्ञान शिकवले जाई. तेथले मास्टर रामचंद्र यांनी १८४५ मध्ये ‘फवाइद-उन-नाजिरीन’ हे पत्र काढून नवे शास्त्र उर्दू वाचकांपुढे ठेवले. त्याच दिल्लीत तरुण सय्यद अहमद खान यांनी १८४४ मध्ये इब्न सीनाच्या नावावर असलेले यंत्रशास्त्राचे एक फारसी पुस्तक उर्दूत आणले. विषय ‘जर्र-ए-सकील’, म्हणजे जड वस्तू उचलण्याची विद्या. तरफ, कप्पी, पाचर यांचे शास्त्र. याच सय्यद अहमद यांनी १८४८ मध्ये पृथ्वी फिरत नाही हे सिद्ध करणारी पुस्तिकाही लिहिली होती. पुढे त्यांनी आपले मत बदलले आणि १८६४ मध्ये गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी स्थापून पाश्चात्त्य शास्त्रांची उर्दू भाषांतरे सुरू केली. मत बदलल्याने त्यांची इज्जत कमी झाली नाही. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही ही गोष्ट मुद्दाम सांगतो.

आपल्या महाराष्ट्राच्या जवळचा प्रयोग हैदराबादचा. १९१७ मध्ये तेथे दारुत-तर्जुमा हे भाषांतर खाते सुरू झाले आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ. भौतिकशास्त्रापासून वैद्यकापर्यंत उच्च शिक्षण उर्दूतून, असा हा प्रकल्प होता. परिभाषा कशी घडवावी यावर वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ मध्ये ‘वज-ए-इस्तिलाहात’ हे आख्खे पुस्तक लिहिले. निजामाच्या राज्यातल्या तेव्हाच्या औरंगाबादेत मौलवी अब्दुल हक यांच्या अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे केंद्र होते. तेथून १९२८ मध्ये ‘सायन्स’ हे उर्दू त्रैमासिक निघाले. योगायोग असा की त्याच साली पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ हे मराठी विज्ञान मासिक सुरू झाले. दोन भाषा, एकच तळमळ.

पण या प्रयोगाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. मराठवाड्यातल्या मराठी घरच्या मुलाला तीच उर्दू परकी होती. मातृभाषेतून शिक्षण हे तत्त्व उर्दूवाल्यांना जसे लागू, तसे त्यालाही लागू होते. १९४८ नंतर उस्मानियाचे माध्यम बदलले आणि उर्दूतून उच्च विज्ञान शिकण्याची ती वाट बंद झाली. आज आमचा विद्यार्थी नववी-दहावीत जे शब्द शिकतो, त्यांतले कितीतरी त्या परंपरेतले आहेत. मात्र दहावीच्या पुढे त्या शब्दांना घर उरलेले नाही.

वर्गात याचा काय उपयोग?

बी.एड्.ला आम्हाला शिकवले होते की मूल कोरी पाटी घेऊन येत नाही. गतीच्या धड्यात याचा रोज प्रत्यय येतो. वर फेकलेला चेंडू वर जात असताना त्याच्यावर कोणकोणती बले आहेत, असे विचारले तर वर्गातले बहुतेक हात एकच उत्तर घेऊन वर येतात : ‘सर, हाताने दिलेला जोर. तो संपला की चेंडू खाली येतो.’ हे उत्तर चूक आहे. हवेची थोडी अडवणूक सोडली तर चेंडूवर फक्त पृथ्वीचे ओढणे आहे. पण हे उत्तर कुणाचे आहे ते पाहा. हा तर सरळ ‘कसरी मैल’! १९८०च्या दशकात अमेरिकेत मायकेल मॅक्लॉस्की यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवले की कॉलेजात गेलेली मुलेही असाच, मध्ययुगीन इम्पेटससारखा विचार करतात. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या अभ्यासकांनीही १९९०च्या दशकात गॅलिलिओच्या सापेक्षतेविषयी विद्यार्थ्यांच्या मनातल्या अशा कल्पना तपासल्या.

म्हणजे आमचा विद्यार्थी मठ्ठ नाही. इब्न सीनासारखा बुद्धिमान माणूस जिथे थांबला, तिथे तो उभा आहे. त्याला ‘चूक, बस खाली’ म्हणणे हा अन्याय आहे. ‘बेटा, हजार वर्षांपूर्वी एका मोठ्या माणसालाही असेच वाटले होते, आता पुढचे पाऊल टाकूया’ असे म्हणून पाहावे. मुलाची मान ताठ होते आणि कान उघडतात.

आणि पुढच्या पावलाला लागणारी साधने इथेच आहेत. धोपावे ते दाभोळ फेरीबोट २००३ पासून चालते. धक्का जवळ आला की इंजिनाचा जोर कमी होतो, तरी बोट सरकतच येते. हे जडत्व. तिला थांबवायला पाण्याचा विरोध आणि उलटा फिरवलेला पंखा लागतो, म्हणजे बदलाला बल लागते. तीच बोट मोटारींनी भरलेली असेल तर तेवढ्याच जोराने ती सावकाश वेग घेते आणि थांबायलाही वेळ घेते. हा दुसरा नियम : बल तेच, वस्तुमान जास्त, तर त्वरण कमी. उर्दूत कुव्वत, कमियत, इसरा. पंखा पाण्याला मागे ढकलतो, पाणी पंख्याला पुढे. वल्ह्याचेही तेच. लहान होडीतून धक्क्यावर उडी मारली की होडी मागे सरते. हा तिसरा नियम, अमल आणि रद्द-ए-अमल. इथे मुले नेहमी विचारतात, दोन्ही सारखे आणि उलटे, तर एकमेकांना मारत का नाहीत? कारण ते एकाच वस्तूवर नसतात. एक होडीवर असतो, दुसरा आपल्यावर.

याहून मोठा धडाही अंजनवेललाच आहे. येथे २०१३ मध्ये द्रवरूप वायूचे टर्मिनल सुरू झाले. त्याची अवाढव्य जहाजे धक्क्याला लागताना टगबोटी त्यांना हळूहळू ढकलतात. वेग अगदी थोडा, पण वस्तुमान इतके की संवेग प्रचंड. लाटा अडवणारा बांध पुरा नसल्यामुळे कितीतरी वर्षे पावसाळ्यात तेथे जहाजे लागत नसत. कोट्यवधींचा कारखाना लाटेच्या बलापुढे थांबून राही. गावातल्या मुलाने हे पाहावे, आणि त्या बांधाचा हिशेब करणारा इंजिनियर आपणही होऊ शकतो, हे त्याला कळावे.

त्यासाठी फार मोठे काही करावे लागत नाही. फळ्यावर प्रत्येक संज्ञा तीन स्तंभांत लिहावी : कुव्वत, बल, फोर्स, कमियत, वस्तुमान, मास, जमूद, जडत्व, इनर्शिया. आठवीपासूनच लिहावी, अकरावीची वाट पाहू नये. व्याख्या पाठ करून घेण्याआधी वस्तू दाखवावी, मग तिन्ही नावे द्यावीत. आपल्या मोहल्ल्यात एखादा म्हातारा तांडेल असेल तर त्याला वर्गात बोलवावे आणि गलबत कसे थांबवीत, हे त्याच्याच बोलीत सांगू द्यावे. आणि मराठी शाळेतले शिक्षक व आपण यांनी कधीतरी एकत्र बसून ही तीन स्तंभांची यादी पुरी करावी, म्हणजे दोन्हीकडची मुले कॉलेजच्या एकाच बाकावर बसतील तेव्हा एकमेकांचे शब्द ओळखतील.

उर्दू शाळेतून मुलगी-मुलगा सायन्सला जाणार म्हटले की घरातून, शेजारातून शंका निघतात. भाषा जमेल का, खर्च झेपेल का, मुलीने एवढ्या लांब का जावे? या शंकांना तोंड द्यायला वेळ लागेल. पण विषय आपला नाही, ही शंका तरी आता कुणी काढू नये. ज्या विद्येच्या पहिल्या पानांवर बगदाद आणि सरकुस्ता आहेत आणि जिच्या भाषांतरांत लखनौ, दिल्ली आणि औरंगाबाद आहेत, तिच्या पुढच्या पानावर अंजनवेलच्या मुलीने नाव लिहायला कसलीच हरकत नाही.